शिलाई : खर्च नाही

९ ऑक्टोबर

माझ्या दुकानाला सहा लाख नफा झाला होता. आज एका पोरगेल्या अकाउंटंटने तासाभरात त्यातले अडीच लाख खाऊन टाकले आणि वर चहाही माझाच प्यायला.

दोरेवाल्याने फुकट दिलेली ही डायरी वर्षभर गल्ल्याशेजारी कोरी पडली होती. आज उघडली, कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण जाणार नाही आणि बायको ऐकून हसते.

आमचं दुकान ड्रेपरीचं. शाळांच्या कार्यक्रमांना, हौशी नाटकांना पोशाख भाड्याने देतो. राजा, शिपाई, परी, झाड, सिंह, काय मागाल ते. बाबांनी सुरू केलं, नऊ वर्षांपासून मी बघतो. आता गावाच्या दुसऱ्या टोकाला, तीन शाळांच्या मधोमध एक गाळा मिळतोय. त्यासाठी कर्ज हवं आणि कर्जासाठी बँकेला नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद हवा. नफा-तोटा पत्रक म्हणजे वर्षभरात काय कमावलं आणि त्यासाठी काय घालवलं. ताळेबंद म्हणजे आज आपलं काय आहे आणि आपण लोकांचं काय लागतो. हे मला कळतं. मी काही काल दुकानात बसलो नाही.

जमा चौदा लाख, खर्च आठ लाख. राहिले किती, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हा गृहस्थ म्हणाला, जमेत दीड लाख अनामत आहे, ती काढा. गिऱ्हाईक पोशाख नेताना अनामत ठेवतं, पोशाख धड परत आला की घेऊन जातं. म्हटलं, पैसे माझ्या गल्ल्यात आहेत, मग माझे नाहीत तर काय शेजाऱ्याचे? तर म्हणे, गल्ला तुमचा, पैसे त्यांचे. ते तुमचं देणं. दीड लाख गेले.

मग म्हणाला, पोशाखांवर घसारा धरा. सिंह घेतला तेव्हा तीस हजारांचा होता, आज किती? मी म्हटलं, सिंह आहे तो, तीस हजारांचाच आहे. त्याने उठून सिंहाच्या आयाळीतून हात फिरवला आणि मूठभर केस माझ्या टेबलावर ठेवले. आणखी एक लाख गेले. नफा साडेतीन.

त्याचं नाव मी घसारे ठेवलं आहे.

१२ ऑक्टोबर

घसारे पुन्हा आला. खर्चाच्या यादीत त्याला एक भोक सापडलं म्हणे. भाडं आहे, वीज आहे, कापड आहे, टेम्पो आहे, मग शिलाई कुठे? पोशाख धुतो कोण, रफू कोण करतं, नवीन कोण शिवतं?

म्हटलं, ताई.

ताई माझी मोठी बहीण. लग्न केलं नाही, दुकानाच्या वरच्या माळ्यावर तिचं मशीन आहे. बाबा होते तेव्हापासून ती तिथेच असते. तिला किती देता, असं त्याने विचारलं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. घरच्या माणसाला कसला पगार? घरात जेवते, घरात राहते, साडी मागितली की बायको आणून देते. तो म्हणाला, घर तर अर्धं त्यांच्याच नावावर आहे ना, कर्जाच्या अर्जात दिसतंय. आहे की. बाबांनी दोघांच्या नावावर केलं. त्याचा पगाराशी काय संबंध?

शेवटी त्याने लिहिलं, पण तोंड वाकडं करून. मी सांगितलं तसंच लिहायला लावलं : ‘शिलाई, धुलाई, दुरुस्ती : खर्च नाही (घरचे)’. हीच तर आमच्या धंद्याची ताकद आहे. बाहेरच्या कुठल्या ड्रेपरीवाल्याने असं लिहून दाखवावं.

१९ ऑक्टोबर

बँकेतल्या मॅडमनी कागद पाहिले. त्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि दुसऱ्या दुकानाचं कोण शिवणार, असं विचारलं. म्हटलं, ताईच. तर त्यांनी ताईचं वय विचारलं. छपन्न, असं सांगितलं. त्यांनी तो आकडा गोलाशेजारी लिहिला. कर्ज गाळ्यासाठी आहे की ताईसाठी? पण तोंडातून ब्र काढला नाही, गरज माझी होती. आणि कर्ज तत्त्वतः मंजूर झालं. घर तारण, म्हणून दुसऱ्या मालकाची, म्हणजे ताईची सही लागेल. तेवढंच राहिलं.

येताना गाळेवाल्याला एक लाख विसार देऊन आलो. गल्ल्यातलेच दिले. घसारे त्यांना काहीही म्हणो, ते मला तिथे पडून दिसत होते.

२० ऑक्टोबर

ताईने सही केली नाही.

कागद तिने हात लांब करून वाचले. तिला नवा चष्मा हवा आहे, मी म्हटलं होतं की हंगाम उरकू दे, मग बघू. एकेक पान वाचलं. मला वाटलं दोन मिनिटांचं काम आहे, मी पेनाचं टोपण काढून उभा. त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. सुईने टोचून टोचून तिच्या त्या बोटाचं टोक खरखरीत झालं आहे, कागदावर त्याचा आवाज येतो.

“हे कोणी लिहिलं?”

“मीच सांगितलं लिहायला.”

“बरं,” ती म्हणाली, कागद घडी घालून माझ्या हातात दिले आणि वर गेली. मशीन सुरू झालेलं ऐकू आलं. काय ‘बरं’? बरं आहे तर सही कर.

२४ ऑक्टोबर

चार दिवस घरात तोंडं शिवल्यासारखी झाली आहेत. ताई भांडत नाही, हीच तर मोठी अडचण आहे. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार आहेत.

मला वाटतं ती कर्जाला घाबरली. बायकांना घर तारण म्हटलं की पोटात गोळा येतो. म्हणून आज तिला सगळं नीट समजावून सांगितलं. तीन शाळा, प्रत्येकी इतके पोशाख, हप्ता इतका, उरणार इतके. मध्ये एकदाही न थांबता बोललो. तिने एकच विचारलं.

“तिथलंही मीच शिवायचं?”

“मग कोण?”

बायको ओट्यापाशी उभी होती, ती म्हणाली की अहो, तुम्ही त्यांना एकदा विचारा तरी. काय विचारू? विचारण्यासारखं काय आहे? सगळं तिच्यासमोर मांडलं की मी.

२ नोव्हेंबर

अंगाचा तिळपापड झाला आहे, अक्षर वाचता आलं नाही तर ती ताईची चूक.

ताई मैत्रिणीकडे निघून गेली. दोन-तीन आठवडे म्हणाली. त्या मैत्रिणीचं शाळेचे गणवेश शिवण्याचं दुकान आहे. मी म्हटलं, अगं हंगाम तोंडावर आहे, चाळीस शिपाई जायचेत, हे काय भलतंच सुचलं? तर म्हणते कशी, इतक्या वर्षांत मी एकदाही सुट्टी घेतली नाही, आता घेते. घरच्यांना सुट्टीला अर्ज लागत नाही ना? पिशवी खांद्याला लावली आणि गेली. मी तिला रिक्षापर्यंतसुद्धा सोडलं नाही. नाही सोडलं ते नाही.

६ नोव्हेंबर

शाळेतल्या बाई आल्या. चाळीस शिपाई, मुलं दहा वर्षांची, कोट त्यांच्या मापाने आवळून हवेत. हेच कोट पुढच्या आठवड्यात एका नाटक मंडळाला मोठ्या माणसांसाठी द्यायचे आहेत, त्यांची चाळीस हजार अनामत येऊन पडलेली. ताई असती तर आज संध्याकाळी म्हणाली असती, झाले. कधी व्हायचे ते मी कधी बघितलं नाही.

बाहेरच्या शिंप्याला बोलावलं. त्याने एका कोटाचा दर सांगितला. मला वाटलं दहा कोटांचा सांगतोय. शिवाय हंगामाचा वेगळा, घाईचा वेगळा. म्हटलं, अहो हे दिवसाढवळ्या लुटणं झालं. तो म्हणाला, मग घरच्या कोणाकडून करून घ्या. याला कोणी शिकवलं हे?

धुलाईला पऱ्या पाठवल्या, त्याचं बिल वेगळंच. एका परीचे पंख तिकडेच राहिले.

११ नोव्हेंबर

शिंप्याचा जीव घेईन.

कोट शाळेत गेले, मुलांना चपखल बसले, शाळेतल्या बाई खूश, मी खूश. आज परत आले. नाटक मंडळाचा माणूस घालून बघायला आला तर बाही मनगटाच्या वर वीतभर. म्हटलं, शिंप्या, उसव आता. तो म्हणाला, उसवून काय करू, आत कापडच नाही.

ताई प्रत्येक शिवणीत आत कापड दुमडून ठेवायची. शिंपी त्याला माया म्हणतात. बाजूला, बाहीला, खांद्याला, जिथे हात घालाल तिथे. कच्चा टाका घातला की पोराचा कोट, टाका ओढून काढला की बापाचा. आमचा एकेक कोट सहा मापांचा होता, हे मला आज कळलं. या महाशयांना ते आतलं कापड गबाळं दिसलं. साफ दिसावं म्हणून चाळीसच्या चाळीस कोटांचं कापून टाकलं, आणि त्याचे पैसेही लावले.

चाळीस कोट आता दहा वर्षांच्या मुलांचे झाले. घसारे वर्षभर जेवढा घसारा धरतो, त्याहून जास्त या माणसाने कात्रीने एका दुपारी धरला.

नाटकवाल्याने अनामत परत मागितली. चाळीस हजार. गल्ला उघडला तर होते अकरा. बाकीचे गाळेवाल्याच्या खिशात. त्या माणसासमोर मी बायकोकडे पैसे मागायला गेलो, आणि तिने आतून आणून त्याच्यासमोरच माझ्या हातावर मोजले.

१३ नोव्हेंबर

शिंपी पुन्हा येणार नाही, मीच हाकलला. म्हणून आज स्वतःच माळ्यावर गेलो. म्हटलं, परीला नवा पंख शिवणं म्हणजे काही डोंगर हलवणं नाही.

वर मशीनचा दिवा लागत नव्हता. बटण चार वेळा दाबलं. दिवा गेलेला, कधीचा गेलाय देव जाणे, त्यावर धूळ. म्हणून तिने मशीन ओढून खिडकीशी नेलंय. खिडकीची एक काच फुटलेली, तिथे पुठ्ठा. खुर्चीची बैठक एका बाजूला खचलेली, तिथे झाडाच्या जुन्या पोशाखातली हिरवी पानं घडी घालून ठेवलीत. त्या पानांवर मी बसलो आणि मला इतका राग आला की बसवेना.

खाली येऊन बायकोवरच ओरडलो. म्हटलं, दिवा गेला तर सांगायचं ना मला, एका दिव्याला काय पैसे पडतात? मी काय राक्षस आहे?

“सांगितलं होतं त्यांनी,” बायको म्हणाली. “दोनदा. माझ्यासमोर. तुम्ही म्हणालात, हंगाम उरकू दे.”

मी असं म्हणालो असेन असं मला वाटत नाही. पण बायको खोटं बोलत नाही, हीही एक कटकटच आहे. दिवा आणून लावला. काचवाल्याला निरोप धाडला. पंख काही शिवता आला नाही.

१७ नोव्हेंबर

बँकेतून फोन. मॅडम विचारतात, सही कधी? सगळं मंजूर आहे, एका सहीसाठी अडलंय.

म्हणजे त्या कागदावर बँकेचा विश्वास बसला. मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेली माणसं, त्यांनी ‘खर्च नाही’ वाचलं, गोल काढला आणि मंजूर केलं. कोणी एकानेही म्हटलं नाही की हे खोटं आहे. मी शिंप्याला गेल्या दोन आठवड्यांत किती मोजले ते मला ठाऊक आहे. खर्च नाही म्हणे. मला बँकेचाच संताप आला. उद्या मी लिहिलं असतं की सिंह स्वतःच आपले केस विंचरतो, तरी यांनी शिक्का मारला असता.

मॅडमना म्हटलं, थांबा जरा, कागदात एक चूक आहे.

१८ नोव्हेंबर

घसारेच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, शिलाईचा पगार घाल. त्याने दर विचारला. मी सांगितला : मदतनिसाचा पंधरा हजार महिना, मुख्य शिंप्याचा, म्हणजे मास्तरचा, पंचवीस. गेल्या वर्षाला मास्तरचा घालून बघितला. तीन लाख. साडेतीन लाखांच्या नफ्याचे पन्नास हजार राहिले. ज्या नफ्यावर मी दुसरं दुकान उघडायला निघालो होतो तो नफा नव्हताच. तो ताईचा पगार होता, फक्त ताईला न दिलेला.

घसारेला हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मग ओरडून का नाही सांगितलंस, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ओरडत तुम्ही होतात.

मग मी म्हटलं, आणि मागचं? नऊ वर्षांचं? तो हसला. म्हणाला, मागचं कशाला उकरता, ताळेबंदाची वाट लागेल. बहीणच आहे तुमची, सोडून द्या म्हणावं त्यांना. घरचंच तर आहे.

“घरचं म्हणजे काय फुकटचं?” मी म्हणालो.

फारच मोठ्याने म्हणालो असणार, कारण ऑफिसातली सगळी माणसं कामं थांबवून बघायला लागली. मी थांबलो नाही. म्हटलं, तिच्या डोळ्यांवर घसारा धरला का कोणी? माझ्या सिंहाच्या केसांवर धरतोस, आणि त्या बाईने पुठ्ठ्याच्या खिडकीत बसून नऊ वर्षं शिवलं ते कुठल्या रकान्यात घातलंस? तू शिकलेला ना? आणि मला सांगतोस सोडून द्या?

त्याने कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला. ती किती म्हणेल कोण जाणे, म्हणून नऊ वर्षांना मदतनिसाचाच दर धरला. देण्याच्या बाजूला ताईचे सोळा लाख वीस हजार. त्याखाली अनामत. दुसऱ्या बाजूला पोशाख, कापलेले कोट धरून, मशीन, विसार, रोख, सगळं मिळून नऊ लाखही भरेना.

मी विचारलं, याचा अर्थ काय. त्याने चष्मा पुसला.

“याचा अर्थ, या कागदाप्रमाणे दुकान तुमचं नाही. तुमच्या ताईंचं आहे. आणि तरी तुम्ही त्यांचे काही लाख लागता.”

कर्ज आता मिळणार नाही, हेही तो म्हणाला. ते मला न सांगता कळलं होतं. विसारही बुडाला. घरी चालत आलो.

२२ नोव्हेंबर

ताई आली. नवा चष्मा घालून आली. मैत्रिणीने तीन आठवड्यांचे पैसे दिले, त्यातून घेतला, असं बायकोला सांगत होती. मला काही सांगितलं नाही. चष्म्यात ती शाळेतल्या हेडबाईंसारखी दिसते.

वर गेली. दिवा लागलेला पाहिला असणार, खिडकीला काच पाहिली असणार. मग मी कागद घेऊन गेलो. काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं, वर पोचेपर्यंत एक शब्द आठवेना. नुसते कागद पुढे धरले. तिने आधी खर्चाचं पान काढलं. ती ओळ आता अशी आहे : ‘शिलाई, धुलाई, दुरुस्ती : पगार’. मग ताळेबंद वाचला. बोट आपल्या आकड्यावर ठेवलं.

“हे चुकलंय.”

मला वाटलं ती म्हणेल, एवढं कशाला, राहू दे. म्हटलं, ताई, नको म्हणू नकोस.

“नको कशाला म्हणू? तू मदतनिसाचा दर लावलास. मी मास्तर आहे. पंचवीसने गुण.”

सत्तावीस लाख होतात. मी तिथेच, कापलेल्या कोटांच्या ढिगाशेजारी उभा राहून गुणाकार केला. माझं डोकं सणकलं. माणूस एवढा नमतं घेतो आणि ही भाव वाढवते. पण त्या ढिगातला एक कोट तिने हातात घेतला होता. शिवणीत बोट घालून ती आतलं कापड शोधत होती, एकीकडे सापडलं नाही म्हणून दुसरीकडे. तिसऱ्या कोटापर्यंत तिने शोधलं. मग ती रडली. इतक्या वर्षांत पगारासाठी कधी रडली नव्हती, त्या कापडासाठी रडली.

मी आकडा खोडला आणि सत्तावीस लिहिले.

३ डिसेंबर

घसारेने मार्ग काढला. एवढे पैसे मी जन्मात देऊ शकणार नाही, तर देण्याचं भांडवल करा. ताई भागीदार. मोठी भागीदार. आज माळ्यावरच करारपत्र घेऊन आला. चहा ताईने पाजला, म्हणजे दुकानाच्या खर्चाने.

दुसरा गाळा नाही, हे तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं. आधी चाळीस कोटांना नवं कापड जोडायचं. शिवणकामाला एक बाई ठेवायची, पगारावर. अनामत बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायची आणि त्या खात्याला माझा हात लागता कामा नये. हे शेवटचं घसारेने मान खाली घालून लिहून घेतलं. हसत होता, मी पाहिलं.

करारात एक जागा रिकामी होती. दुकान सांभाळणाऱ्या भागीदाराचा, म्हणजे माझा पगार. घसारे पेन उघडून थांबला. मी घसा खाकरून विचारलं, माझं किती धरायचं?

ताईने दोरा दाताने तोडला.

“घरच्या माणसाला कसला पगार?”

माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही, घसारेला विचारायला हवं. वाक्य ओळखीचं होतं. या डायरीतही कुठेतरी असेल. मला संताप यायला हवा होता, तयारीही होती, पण आलाच नाही. बसलो होतो खुर्चीतल्या त्या हिरव्या पानांच्या घडीवर, खाली बघत.

मग ती म्हणाली, “लिहा हो. मदतनिसाचा दर.”

“मदतनिसाचा?” मी म्हणालो. “नऊ वर्षं दुकान चालवलं मी.”

“मास्तर व्हायला अजून वेळ आहे,” ती म्हणाली आणि एक कोट माझ्या मांडीवर टाकला.

काजं करायला बसवलंय मला. दुपारभरात तीन झाली. तिन्ही वाकडी म्हणून तिने उसवायला लावली.